धुतल्या हाताची धार

पूर्वी वेणुमती नगरीत पद्मसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका गोपालकाच्या कुळात जन्मला. त्याचे नाव क्षेमक ठेवले होते. तो गाईंमध्येच वाढला आणि पुढे राजाच्या गोशाळेचा प्रमुख झाला. ही गोशाळा नगरीबाहेर, नदीच्या उंच काठावर होती. तिथे दहा दावणी होत्या. दर दावणीला बारा दुभत्या गाई आणि धारा काढायला एक माणूस.

सातव्या दावणीवर रेवती नावाची बाई होती. तिची चाळिशी उलटून गेली होती. नवरा मागेच वारला, मुलगी दूरच्या गावी नांदत होती, आणि रेवती बावीस वर्षे त्याच दावणीवर धारा काढीत होती. गाई म्हाताऱ्या झाल्या, त्यांच्या कालवडी मोठ्या होऊन त्याच खुंट्यांना उभ्या राहिल्या, पण हात तेच राहिले. आता ते हात थकले होते. सकाळी उठल्यावर तिची बोटे उघडत नसत. चुलीपाशी बसून ती कोमट पाण्यात हात बुडवायची, एकेक बोट सरळ करायची, आणि मग गोशाळेचा चढ चढायला लागायची.

तिला फार काही नको होते. एक गाय स्वतःची असावी, एवढेच. एक गाय म्हणजे चार सड. तेवढे या बोटांना अजून काही वर्षे झेपले असते. चार घरी दूध घातले असते आणि उरलेल्या वेळी भिंतीला पाठ लावून बसता आले असते. रेवतीच्या मनात सुखाचे चित्र म्हणजे ती भिंत आणि ती टेकलेली पाठ.

क्षेमकाच्या गोशाळेत धार काढणे सोपे नव्हते. इतर ठिकाणी माणूस गाईखाली बसे, वासराला दोन घोट पिऊ देई आणि पिळायला लागे. इथे आधी हात राखेने घासून कडुनिंबाच्या गरम पाण्याने धुवायचे. गाईची कास कोरड्या फडक्याने पुसायची, आणि दर गाईचे फडके वेगळे. दर सडाच्या पहिल्या दोन पिळ्या दुधाच्या कासंडीत घ्यायच्या नाहीत. त्या एका काळ्या दगडी वाटीत घ्यायच्या आणि उजेडात धरून पाहायच्या. काळ्या वाटीत पांढरा कण किंवा गाठ दिसली, तर ती गाय त्याच वेळी सोडून दूरच्या छपरात बांधायची, तिची धार सर्वांत शेवटी काढायची आणि ते दूध खड्ड्यात ओतून माती लोटायची. एक गाय झाली की पुन्हा हात धुवायचे. धार झाल्यावर लगेच गव्हाणीत चारा टाकायचा, म्हणजे गाय खात उभी राहते आणि सडांची तोंडे उघडी असताना ओल्यात बसत नाही.

बारा गाईंना बारा वेळा हात धुवायचे म्हणजे पिळण्याइतकाच वेळ धुण्यात जाई. हिवाळ्यात हातांना भेगा पडत.

त्या प्रदेशातले सगळे गोपालक याच्या उलट करीत. एका गाईची धार झाली की तिच्या दुधाचा फेस हातावर तसाच ठेवून ते दुसरीच्या सडांना लावीत. याला ते पान्हा पुढे नेणे म्हणत. गाईला दुसरीच्या पान्ह्याचा वास आला की ती आपला पान्हा चोरत नाही, अशी त्यांची समजूत होती. मध्येच हात धुणे म्हणजे दावणीची लक्ष्मी धुऊन टाकणे. ही चाल इतकी जुनी होती की लग्नात सासू नव्या सुनेच्या तळहाताला पहिल्यांदा फेस लावी, तेव्हा कुठे ती घरची झाली असे मानीत. क्षेमकाने मात्र आपल्या गोशाळेत ती बंद केली होती.

का बंद केली, ते त्याने कुणाला सांगितले नव्हते. तो लहान असताना त्याच्या बापाच्या कळपात दगडीचा रोग शिरला होता. गाईची कास तापते, सुजते आणि दगडासारखी घट्ट होते, म्हणून लोक त्याला दगडी म्हणतात. तेव्हा क्षेमकाच्या लक्षात आले की रोग दावणीच्या क्रमाने चालतो. बाप ज्या क्रमाने गाई पिळत जाई, त्याच क्रमाने एकेक कास दगड होत गेली. ज्या दोन गाईंना फक्त त्यांची वासरे पीत होती, त्या तेवढ्या वाचल्या. बापाला हे सांगायचे धैर्य त्याला झाले नाही. कळप गेला आणि पाठोपाठ बापही गेला. क्षेमकाला ती आठवण सोसत नसे. म्हणून त्याने नेम सांगितले आणि कारण पोटात ठेवले.

नेमांनी आपले काम केले. वर्षा-दोन वर्षांत एखादी गाय दूरच्या छपरात जाई आणि बरी होऊन परत येई. यापलीकडे काही घडत नसे. त्यामुळे धारा काढणाऱ्यांना वाटू लागले की घडण्यासारखे काही नाहीच.

सहाव्या दावणीवरचा कुंजल हा रेवतीचा शेजारी. त्याचे तोंड हातापेक्षा जास्त चाले.

"ताई," तो म्हणे, "तुम्ही दगडी पाहिलीय कधी?"

"नाही बाबा."

"मी पण नाही. माझ्या आज्याने पाहिली नाही. आपण ज्याला भितो ते एकदा डोळ्यांनी दिसायला तरी हवं. क्षेमकदादांना म्हणावं, एक दगडी आणून दाखवा, मग आम्ही पायसुद्धा धुऊ."

रेवती हसे आणि हात धुई. तिला कुंजलाचे बोलणे चुकीचे वाटत नसे. पण क्षेमकदादा भला माणूस होता, आणि भल्या माणसाचे ऐकायची तिला सवय होती.

त्या वर्षी युवराजाचा अभिषेक वैशाखी पौर्णिमेला ठरला. राजाचा भांडारी श्रीगुप्त फाल्गुनातच गोशाळेत आला.

"तुपाचे शंभर रांजण लागतील," तो म्हणाला. "आजवर साठावर तुम्ही गेला नाहीत. उद्यापासून दुपारची तिसरी धार काढा."

"तिसरी धार काढता येईल," क्षेमक म्हणाला. "पण माणसं तेवढीच आहेत. हात धुऊन, कास पुसून तीन धारा म्हणजे दिवस पुरणार नाही."

"मग धुणं कमी करा. तुमच्याखेरीज इतकं कोण धुतं? हा गोठा आहे की यज्ञशाळा?"

"तेवढं कमी होणार नाही, आर्य. तूप जेवढं होईल तेवढं होईल."

श्रीगुप्त जुना माणूस होता. धाकाने जे होत नाही ते लोभाने होते, हे त्याला ठाऊक होते. त्याने सगळ्यांना अंगणात बोलावले आणि सांगितले, "ज्याच्या दावणीचं दूध पौर्णिमेपर्यंत सर्वांत जास्त भरेल, त्याला पहिल्या वेताची एक गाय, वासरासकट. आणि रांजण शंभर झाले, तर क्षेमकाला नदीपलीकडचं कुरणाचं गाव."

रेवतीने आपली बोटे पदराखाली घेतली. तिला ती गाय दिसली. भिंतही दिसली.

तिसरी धार सुरू झाली. रेवती पहाटे येई आणि दिवे लागल्यावर घरी जाई. हात धुण्याचे पाणी दुपारी आणखी एकदा तापवावे लागे. आठ-दहा दिवसांत तिच्या लक्षात आले की कुंजलाच्या कासंड्या तिच्या आधी भरतात. क्षेमकाची पाठ फिरली की तो पान्हा पुढे नेत होता.

"चोरी आहे ही," ती एकदा म्हणाली.

"कुणाचं काय चोरलं? गाईचं दूध गाईलाच लावतोय. तुम्ही धूत बसा, ताई. ती पहिलटकरीण मी घेऊन जाईन आणि तुमच्या दारावरून रोज चारायला नेईन. तेवढंच तुम्हाला दर्शन."

तो थट्टेने बोलत होता, पण रेवतीला ते दारावरून जाणे खरेच दिसले. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने तिसऱ्या आणि चौथ्या गाईमध्ये हात धुतले नाहीत. काही झाले नाही. चार दिवसांनी ती सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा धूत होती, तेही क्षेमक जवळून जात असला तर. फडके सगळ्या दावणीला एकच झाले. कासंड्या लवकर भरू लागल्या. घटकाभर लवकर घरी जाता येऊ लागले, आणि त्या घटकेतच ती भिंतीला टेकून झोपून जाई.

चौथ्या खुंट्यावर चांदणी नावाची गाय होती. कपाळावर पांढरा ठिपका असलेली ही शांत गाय रेवतीने तिच्या जन्मापासून पाहिली होती. चैत्र उतरणीला लागला होता. एके सकाळी रेवतीने चांदणीच्या पहिल्या पिळ्या काळ्या वाटीत घेतल्या आणि तिला त्यात बारीक कण दिसले. कण्या शिजून फुटाव्यात तसे. तिने मागचा डावा सड चाचपला. तो किंचित गरम होता.

पुढे काय करायचे ते तिला पाठ होते. चांदणीला सोडून छपरात न्यायचे आणि क्षेमकाला सांगायचे. पण चांदणी दावणीतली सर्वांत दुधाळ गाय होती. तिचे दूध खड्ड्यात गेले तर कुंजल पुढे जाणार होता. पौर्णिमेला वीस दिवस राहिले होते. रेवतीने मनाशी म्हटले, इतके बारीक कण तर सायीचेही असतात. मग तिने अंगठा वाटीच्या आतून फिरवला, कण पुसले आणि कासंडी पुढे ओढली.

तेवढ्यात क्षेमक दावणीवरून चालत आला. तो रोज प्रत्येकाची वाटी पाहत असे. दहा दावणी, दिवसातून तीन वेळा. त्याचेही वय झाले होते आणि या महिन्यात तोही पहाटेपासून उभा होता. त्याने रेवतीच्या वाटीत पाहिले. क्षणभर तो थांबला. त्याने तिच्या सुजलेल्या बोटांकडे पाहिले.

"थकलीस, रेवती," तो म्हणाला.

"सगळेच थकलेत, दादा."

"हं," म्हणून तो पुढे गेला.

रेवतीने त्याच हाताने पाचवी गाय पिळली, मग सहावी, मग बारावीपर्यंत सगळ्या. त्या दिवशी कुंजलाची वासरे आवरेनात, म्हणून तिने त्याच्याही तीन गाई पिळून दिल्या.

तिसऱ्या दिवशी चांदणीने तिला लाथ मारली. ती गाय कधी पाय हलवीत नसे. रेवती मागे पडली आणि तिने पाहिले, कासेचा मागचा भाग लाल होऊन ताणला होता. तिने हात लावला. आत दगड होता. त्याच दिवशी पाचव्या खुंट्यावरची गाय चारा खाईना. दुसऱ्या दिवशी सहावी, सातवी आणि आठवी तापल्या. मग कुंजलाच्या त्या तीन, आणि त्यांच्यावरून त्याच्या सगळ्या. पाच दिवसांत एकवीस गाई आजारी पडल्या. वासरे सडांना तोंड लावीत आणि गाई त्यांना ढकलून देत. दिवसभर वासरे ओरडत होती.  कुंजलाला हवी होती ती दगडी त्याने पाहिली होती.

श्रीगुप्त धावत आला. त्याने क्षेमकाला बाजूला घेतले, पण रेवती गव्हाणीआड चारा टाकीत होती आणि तिला सारे ऐकू येत होते.

"हे बाहेर जाऊ देऊ नका," श्रीगुप्त म्हणाला. "दूध गाळून घ्या. तूप कढलं की काय दिसणार आहे? ऐंशी रांजण झालेत. वीस राहिले. गाव तुमच्या हातात आलेलं आहे."

"ते दूध विटाळलेलं आहे, आर्य. ते मी वासराला पाजणार नाही. युवराजाच्या अन्नछत्रात लोकांना कसं वाढू?"

"मग राजाला काय सांगू?"

"तुम्ही सांगू नका. मी सांगेन."

आजारी गाईंचे सगळे दूध खड्ड्यात ओतले गेले. क्षेमक, श्रीगुप्त आणि धारा काढणारी दहाही माणसे राजासमोर उभी राहिली. पद्मसेन राजा कठोर नव्हता, पण अभिषेकाची तिथी सगळ्या राज्यांत कळवून झाली होती.

"तीस वर्षांत असं झालं नाही," राजा म्हणाला. "आताच कसं झालं?"

श्रीगुप्त पुढे झाला. "महाराज, कुणीतरी नेम मोडला आहे. क्षेमकाला माहीत असणार. त्यानं नाव सांगावं. त्या माणसाला सीमेबाहेर घालवू, आणि क्षेमकाचं पद राहू द्यावं."

ते रेवतीने ऐकले. सीमेबाहेर म्हणजे कुठे, आणि या हातांनी तिथे कोणते काम करायचे? तिने क्षेमकाकडे पाहिले नाही.

"महाराज," क्षेमक म्हणाला, "नाव मी सांगणार नाही. कारण मोठी चूक माझी आहे. आठ दिवसांपूर्वी एका काळ्या वाटीत मला अंगठ्याची रेघ दिसली. दुधाची वाटी कुणी अंगठ्याने पुसत नाही. आत काही दिसलं तरच पुसतं. हे मला त्याच क्षणी कळलं. पण समोरचं माणूस फार थकलेलं होतं आणि मीही थकलो होतो. विचारलं तर बोलावं लागेल, गाय सोडावी लागेल, हात धुवायला पाणी तापवावं लागेल. मी म्हटलं, उद्या पाहू. रोगाला स्वतःचे पाय नसतात, महाराज. त्या दिवशी तो एका गाईत होता. आमच्या हातांनी तो पुढे गेला आणि मी त्याला वाट दिली."



"आणखी एक," क्षेमक म्हणाला. "हात धुवा, असं मी या माणसांना तीस वर्षं सांगितलं. माझ्या बापाचा कळप कसा गेला, हे एकदाही सांगितलं नाही. ज्याचं कारण ठाऊक नाही ते काम थकलेला हात आधी सोडतो. तोही दोष माझाच."

राजाला राग आला, कारण त्याला नाव हवे होते. त्याने क्षेमकाचे प्रमुखपद काढून घेतले. "तुला काय हवं ते आता सांग," तो म्हणाला.

"आजारी दावणीवर धारा काढायचं काम द्या," क्षेमक म्हणाला.

दूरच्या छपरात एकवीस गाई दोन रांगांत उभ्या होत्या. दगडी झालेली कास दर दोन घटकांनी पिळून मोकळी करावी लागते. आधी गरम पाण्याची फडकी धरायची, मग हळूहळू पिळायचे. घट्ट झालेल्या सडातून पाणी, रक्त आणि गाठी येतात. गाय कळेने अंग आखडते. मग खड्डा, माती, राख, हात धुणे, आणि पुढची गाय. शेवटची झाली की पहिलीची वेळ होते. या कामाला कुणी तयार होईना. रेवती दुसऱ्या दिवशी येऊन चांदणीखाली बसली. क्षेमकाने तिच्याकडे गरम पाण्याचे भांडे सरकवले.

असे नऊ दिवस गेले. चांगल्या आठ दावणींवर क्षेमकाचे नेम जसेच्या तसे पाळले जात होते, आणि तिथे एकही कास तापली नाही. छपरात मात्र दोन गाई मेल्या. चामडे न काढता त्यांना खोल पुरले. एकेका दुपारी रेवतीला वाटे की आपण झोपेतच पिळतो आहोत. क्षेमकाच्या हातांना फोड आले होते. तो फार बोलत नसे. कधी एखाद्या सडातून स्वच्छ धार आली तर म्हणे, "बघ, ही वळली," आणि पुढे सरके.

नवव्या दिवशी रेवती म्हणाली, "दादा, ती वाटी माझी होती."

"हो."

"तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं."

"हो."

"मग मला एका शब्दानं बोलला का नाहीत?"

क्षेमक चांदणीच्या कासेवरचे फडके बदलत होता. "बोलायचा दिवस तो होता. तो मी घालवला," तो म्हणाला. "ते पाणी इकडे घे, निवतंय."

रेवतीने पाणी दिले. तिला रडू आले, पण हात ओले असल्यामुळे डोळे पुसता आले नाहीत. तिने ते दंडाला पुसले आणि पुढच्या गाईखाली बसली.

वैशाखी पौर्णिमेला अभिषेक झाला. तूप कमी पडले. श्रीगुप्ताने तेल आणवून वेळ निभावली. पाहुण्यांना ते जाणवलेही नाही. पहिल्या वेताची गाय कुणालाच मिळाली नाही. छपरातल्या गाईंपैकी चौदा पूर्ण बऱ्या झाल्या. पाच जणींचे काही सड कायमचे आटले. चांदणीचा एकच सड राहिला. तेवढ्यावर तिचे वासरू जगले.

अभिषेकानंतर राजा गोशाळेचा नवा प्रमुख नेमायला स्वतः आला. सगळे अंगणात जमले होते. रेवती पुढे झाली आणि राजासमोर हात जोडून उभी राहिली.

"महाराज, क्षेमकदादांनी जिचं नाव सांगितलं नाही ती मी. मला एक गाय हवी होती. कामातून सुटायचं होतं. म्हणून मी कण पुसले. त्यांना त्यांचं पद परत द्या आणि मला जी शिक्षा असेल ती द्या."

राजाने तिच्या बोटांकडे पाहिले. मग तो क्षेमकाला म्हणाला, "हिनं स्वतः कबूल केलं, तेव्हा शिक्षा तूच सांग. घालवून देऊ?"

"महाराज, काम सोडून घरी बसणं ही तर तिची इच्छा आहे. ती शिक्षा कशी होईल?" क्षेमक म्हणाला. लोक दबक्या आवाजात हसले. रेवतीलाही ओझरते हसू आले. "माझं म्हणणं विचाराल तर, तिला प्रमुख करा."

श्रीगुप्त पुढे आला. "जिनं रोग पसरवला तिलाच?"

"आर्य, इथे दगडी आपल्या हातांनी पुढे नेलेली आणि आपल्या हातांनी पिळून काढलेली हीच एक बाई आहे. थकलेलं माणूस काय पुसतं, कधी पुसतं, हे तिला माझ्याहून जास्त कळतं. मला कळलं ते मी उद्यावर टाकलं. ती टाकणार नाही. मी तिच्या हाताखाली राहीन. मात्र एक करा. एका दावणीला दोन माणसं द्या. ज्याला बारा गाई आहेत, त्याला बारा वेळा धुवायला बळ उरत नाही. एवढी साधी गोष्ट मागायची मला तीस वर्षांत सुचली नाही."

राजाने बराच विचार केला आणि दोन्ही गोष्टी दिल्या.

रेवती प्रमुख झाली. तिला भिंतीला टेकून बसायला मिळाले नाही. ती दिवसातून तीन वेळा दहा दावणींवरून फिरे, प्रत्येक वाटी पाही आणि प्रत्येकाचा हात धुतलेला आहे का ते पाही. नवे माणूस आले की आधी ती त्याला चांदणीपाशी नेई, तिची आटलेली कास चाचपायला लावी आणि काय झाले होते ते पहिल्यापासून सांगे, स्वतःचे नाव न वगळता. मग त्याला हात धुवायला शिकवी. कुंजल तिच्या मागे कुरकुरे, "ताई, पाय पण धुऊ का?" आणि ती म्हणे, "ओल्यात उभा होतास ना? धू." तो धुई. क्षेमक शेवटपर्यंत सातव्या दावणीवर धारा काढीत राहिला आणि आयुष्य संपल्यावर आपल्या कर्मानुसार गेला.

ही पूर्वजन्मीची कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवंतांनी, एका विहारात सांगितली. तिथल्या आजाऱ्यांच्या कोठडीची व्यवस्था विजिता नावाची भिक्षुणी पाहत असे. पाणी उकळणे, गाळणे, आजाऱ्यांची वस्त्रे वेगळी धुणे, हे ती पुष्कळ वर्षे करीत होती. त्या पावसाळ्यात कुणीच आजारी पडले नाही. तेव्हा एक तरुण भिक्षुणी हसून म्हणाली, "आजारी कुणी नाही आणि या दिवसभर पाणी तापवतात." कोठाराचा भिक्षूही म्हणाला, "लाकडं फार जळतात." विजिता शास्त्यांपुढे येऊन म्हणाली, "मला आता हे काम नको. मी थकले." तिला समोर बसवून आणि त्या दोघांनाही बोलावून त्यांनी हे सारे सांगितले आणि जन्मांचा मेळ घातला.

"तेव्हाचा पद्मसेन राजा म्हणजे या विहाराला भूमी देणारा आजचा उपासक. भांडारी श्रीगुप्त म्हणजे हा कोठाराचा भिक्षू. हसणारी ही मुलगी तेव्हा कुंजल होती. रेवती म्हणजे, विजिते, तूच. आणि एक दिवस उद्यावर टाकणारा क्षेमक म्हणजे दुसरा कुणी नव्हे, मीच."

विजितेने विचारले, "भगवन, पुढे त्या गोशाळेत दगडी पुन्हा आली का?"

"नाही," शास्ते म्हणाले. "रेवती होती तोवर आली नाही. म्हणूनच तिचं नाव त्या नगरीत कुणाच्या लक्षात राहिलं नाही." आणि ते पुढे म्हणाले, "थकलेले असतानाही आजचे पाहणे आजच पाहणे, याला अप्रमाद म्हणतात."